सात ते दहाची लाईन: खेड्यातल्या पदवीच्या मुलांचा अभ्यास आणि वीज

एका तरुण सरपंचांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या गावातली वीस-पंचवीस मुलंमुली तालुक्याला कॉलेजात जातात. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आहे. तो अभ्यासिका, सौर पॅनेल, इन्व्हर्टर यांवर घालावा का? गावात वीज केव्हाच आली, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. मग लाईन जाण्या-येण्यानं पदवीच्या अभ्यासात खरंच फरक पडतो, की तो मुलांचा बहाणा आहे?

सरपंच, फरक पडतो, आणि बराच पडतो. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी विज्ञान महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळा सांभाळतो, परीक्षा केंद्राचं कामही बरीच वर्षं केलं आहे. माझ्या वर्गातली पुष्कळ मुलं खेड्यांतून एसटीनं येतात. त्यांच्या शिक्षणात वीज नेमकी कुठं आडवी येते ते सविस्तर लिहितो, म्हणजे पैसा कुठं घालायचा हे तुम्हाला ठरवता येईल.

आधी, गावात वीज आहे म्हणजे काय आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार गावातल्या शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागा आणि किमान १० टक्के घरं जोडली गेली की गाव विद्युतीकृत धरतात. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातलं प्रत्येक वस्तीचं गाव जोडलं गेलं असं जाहीर झालं ते या हिशेबानं. घरोघरी मीटर पोचवण्यासाठी २०१७ साली सौभाग्य योजना वेगळी काढावी लागली. दोन्ही कामं मोठी होती आणि त्यांनी खेड्यांचं भलं केलं. पण तार घरापर्यंत आली एवढंच त्यांतून कळतं. संध्याकाळी सात वाजता त्या तारेत वीज असते का, आणि असली तर किती व्होल्टची असते, हे त्यांत मोजलेलं नाही.

विदर्भात वीज कमी तयार होते असंही नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं. शिवाय कोराडी, खापरखेडा, मौदा, पारस. आपल्या वावरांवरून ४०० केव्हीचे, म्हणजे चार लाख व्होल्टचे, मनोरे जातात आणि त्यांच्याच खालच्या गावात रात्री अंधार असतो, तेव्हा लोकांना राग येतो. तो राग मला कळतो. पण त्या मोठ्या तारांतून गावाला थेट वीज घेता येत नाही. ती ३३ केव्हीवर उतरून उपकेंद्रात येते, तिथून ११ केव्हीच्या फीडरनं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईननं, गावोगाव जाते आणि डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, २३० व्होल्टची होऊन घरात शिरते. आपलं दुखणं बहुतेक वेळा या ११ केव्हीच्या टप्प्यात असतं. फीडर लांबलचक, मध्ये सागाचं जंगल, एका लाईनमनकडे कितीतरी गावं. मे महिन्यात तापून निघालेले, खांबावर तार धरणारे चिनी मातीचे इन्सुलेटर पहिल्या पावसाचा मारा बसला की तडकतात. तड्यात पाणी शिरतं आणि फीडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मग त्या लाईनमनला चिखलातून, अंधारात, एकेका खांबाखाली बॅटरी मारत फुटका पिन इन्सुलेटर शोधावा लागतो. त्याला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा त्याच्याबरोबर जाऊन पाहावं.

आता अभ्यासाकडे येतो. गावातली पस्तिशी-चाळिशीतली माणसं म्हणतात, आमच्या वेळी बारा-बारा तास भारनियमन होतं, आम्ही नाही का शिकलो? खरं आहे, शिकले. २००५ ते २०१२ या काळात खेड्यांतलं भारनियमन फार कडक होतं. पण त्याला वेळापत्रक होतं. ते वर्तमानपत्रात यायचं, लोकांच्या तोंडी असायचं. या आठवड्यात सकाळी जाणार, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी, हे पोरांना पाठ असायचं. ती पहाटे चारला उठून लाईन असेपर्यंत वाचायची, दुपारी झोपायची, कंदील पुसून ठेवायची. अभ्यास वेळापत्रकाला बांधलेला होता. आज दिवसभरात मिळणारी वीज त्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण ती कधी जाईल आणि गेल्यावर कधी येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. दहा मिनिटांत येईल म्हणून मुलगी वही उघडी ठेवून बसते. अर्ध्या तासानं येते, पाच मिनिटं राहते, परत जाते. अशी संध्याकाळ घड्याळात दोनच तास अंधाराची असते, अभ्यासाच्या दृष्टीनं मात्र ती सगळीच गेलेली असते. अनेक वर्षं मुलांशी बोलून माझं ठाम मत झालं आहे की अभ्यासाला मारक ठरते ती अनिश्चितता. तासांची बेरीज तितकी मारक नाही.

तसं का, तेही सांगतो. पदवीचा अभ्यास शाळेसारखा तुकड्यातुकड्यानं होत नाही. बी.एस्सी.च्या मुलाला एखादं सूत्र सिद्ध करायचं असतं, त्याच्या पंधरा-वीस पायऱ्या डोक्यात एकावेळी धरून ठेवाव्या लागतात. बी.कॉम.ला ताळेबंद जुळवताना आकड्यांची साखळी असते. त्यात आपली मुलं बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि पुस्तक इंग्रजीत. एक पान समजून घ्यायला कोशासह तास जातो. नवव्या पायरीवर अंधार झाला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावं लागतं. दोन-तीनदा असं झालं की मूल पुस्तक मिटतं आणि वर्गातल्या नोट्स पाठ करायला घेतं, कारण पाठांतर तुटक वेळात जमतं. समजून घेण्याची जागा पाठांतर घेतं, ते असं. पुढे मुलाखतीत याच मुलांना एखादा साधा ‘का’ विचारला तर उत्तर येत नाही, आणि त्यांची बुद्धी कमी पडली असं ठरवून आपण मोकळे होतो.

आणि संध्याकाळचीच वेळ का महत्त्वाची? कॉलेजात जाणारं मूल सकाळच्या बसनं निघतं आणि परत यायला सहा-साडेसहा होतात. हातपाय धुऊन, चार घास खाऊन बसायला सात वाजतात. दहानंतर घर झोपतं, एका खोलीच्या घरात दिवा चालू ठेवता येत नाही. उरतात सात ते दहा. नेमक्या याच वेळी गावाचा विजेचा भार सर्वांत जास्त असतो, म्हणून व्होल्टेज पडतं. आणि एप्रिल ते जूनमध्ये आपल्याकडचं वादळ-विजांचं आभाळ दुपार कलल्यावर, सांजेला उठतं, म्हणून फीडर याच वेळी जातो. महिनाभराच्या सरासरीत चोवीसपैकी बावीस तास वीज असं दिसू शकतं. गेलेले दोन तास जर रोज सात ते नऊ असतील तर मुलाच्या अभ्यासाच्या वेळेचा दोनतृतीयांश भाग गेला. सरासरीला हे दिसत नाही.

व्होल्टेजचं दुखणं तर लाईन असतानाही असतं. घरगुती दाब २३० व्होल्ट, आणि नियमाप्रमाणे सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ चालतो. डीपीपासून लांबच्या टोकाला, विशेषतः गावाबाहेरच्या टोलीवर, तांड्यावर, गुड्यावर, संध्याकाळी तो १७०च्या आसपास आलेला मी मीटर लावून पाहिला आहे. एलईडी बल्ब तेवढ्यातही लागतो, म्हणून घरच्यांना लाईन ठीक वाटते. पण पंख्याला फिरवणारा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १७० व्होल्टला तो निम्म्याच्या थोडाच वर राहतो. पंखा नुसता हलतो, वारा देत नाही. कुलरचा पंप पाणी वर चढवत नाही. मे महिन्यात रात्री नऊलाही भिंती गरम असताना अशा खोलीत बसून कोणाचं डोकं चालेल?

आता अशा एका गोष्टीकडे वळतो जी शिक्षणाच्या चर्चेत कधीच येत नाही: शेताची लाईन. कृषी फीडरला आठवड्याच्या पाळीनं काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते. हरभरा-गव्हाच्या दिवसांत रात्रीची पाळी आली की ओलितासाठी वावरात जावं लागतं. बाप पन्नाशीचा, गुडघे दुखणारा. जातो कोण? कॉलेजातला मुलगा. थंडीत, अंधारात, सापाकिरड्यातून, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तर वाघ-बिबट्याच्या भीतीतही. रात्रभर दांड फोडायचे, पाणी वळवायचं, मध्येच मोटर बंद पडली की स्टार्टरपाशी पळायचं. सकाळी तोच मुलगा माझ्या पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर डोळे उघडे ठेवायला धडपडत असतो. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा याच मोसमात येतात. हजेरीपटात हा मुलगा अनियमित म्हणून दिसतो. वर्गात झोपलेल्या मुलाला ओरडण्याआधी मी आता आधी विचारतो, ‘बापू, या हप्त्यात रात्रीची पाळी आहे का?’ उत्तर बहुतेक वेळा होय असतं.

म्हणून माझं एक मत तुम्हाला विचित्र वाटेल, पण मी ते विचार करून मांडतो. शेतकऱ्याच्या मुलाच्या पदवीला सर्वांत जास्त मदत कशानं होईल असं विचाराल तर वावरात दिवसा वीज मिळाल्यानं. २०१७ साली सुरू झालेली आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना कृषी फीडरला दिवसा सौरवीज देण्यासाठीच आहे. तिच्यासाठी उपकेंद्राजवळची जागा लागते, आणि अशी गायरानाची जागा देण्याचा विषय ग्रामपंचायतीपुढे येतो. तुमच्या गावापुढे तो आला किंवा येणार असेल, तर तो शेतीइतकाच शिक्षणाचाही विषय आहे हे ग्रामसभेत बोला. ज्यांच्याकडे सौर कृषी पंप बसले त्या घरांतली मुलं रात्री झोपतात. हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

मुलींचं वेगळं आहे. त्या ओलिताला सहसा जात नाहीत, पण गावाचं नळाचं पाणी लाईनवर अवलंबून असतं. मोटर चालली तर टाकी भरते, टाकी भरली तर नळ येतो. लाईन अवेळी आली की पाणीही अवेळी येतं आणि भांडी घेऊन मुलगी उठते. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा. शिवाय लाईन नसली की मुलगा पारावर, मित्राकडे, तालुक्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसू शकतो. मुलीला अंधारात घराबाहेर पडू देत नाहीत. तोच अंधार तिला जास्त महाग पडतो.

आता माझ्या प्रयोगशाळेत या. इथलं नुकसान बाहेरच्यांना सर्वांत कमी दिसतं आणि माझ्या मते सर्वांत खोल असतं. वर्णपटमापीवर (स्पेक्ट्रोमीटरवर) काम करायला सोडियमचा दिवा लागतो. तो लावल्यावर पुरता पिवळा प्रकाश द्यायला आठ-दहा मिनिटं घेतो. पाऱ्याचा दिवा तर बंद पडला की थंड झाल्याशिवाय परत पेटतच नाही. लाईन क्षणभर लपकली, घरात ते कोणाच्या लक्षातही येत नाही, पण माझी पंधरा मिनिटं जातात. दोन-तीन तासांच्या प्रात्यक्षिकात असं तीनदा झालं की वीस मुलांच्या तुकडीतल्या निम्म्यांचे रीडिंग राहतात. शेजारी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिथं इनक्युबेटरमध्ये ३७ अंशांवर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जिवाणू वाढवायचे असतात. रात्री लाईन गेली तर सकाळी प्लेटमध्ये जे दिसतं त्यावरून काहीच म्हणता येत नाही. वाफेनं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर पंधरा मिनिटं टिकलं पाहिजे. बाराव्या मिनिटाला वीज गेली तर निर्जंतुकीकरण झालं असं धरता येत नाही, सगळं पुन्हा करावं लागतं. जेलवरून डीएनएचे पट्टे पळवताना वीज गेली की ते पसरून धूसर होतात. रसायनशास्त्रात ओव्हनमध्ये १०५ अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत नमुना वाळवायचा असतो. मधल्या खंडानं तो दिवस जातो.

मग होतं काय? वेळ संपलेली असते, अभ्यासक्रम पुढे न्यायचा असतो. मुलं मागच्या वर्षीच्या वहीतले रीडिंग उतरवतात. शिक्षकाला ते दिसतं आणि तो सही करतो, कारण त्यालाही तुकड्या पूर्ण करायच्या असतात. माझा जीव सर्वांत जास्त इथं तुटतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं आयुष्यभरासाठी शिकायची एक गोष्ट म्हणजे निरीक्षण जसं आलं तसं लिहायचं. आणि आपण त्याला पहिल्याच वर्षी शिकवतो की आकडे उतरवून घ्यायचे असतात. गुणपत्रिकेत हे कुठंच दिसत नाही, प्रात्यक्षिकाचे गुण उलट चांगलेच असतात.

मोबाईलचं तुम्ही म्हणालात. हातात मोबाईल आहे म्हणून वीज नसली तरी चालतं, ही समजूत मोडायला हवी. टॉवरलाही वीज लागते. लाईन गेल्यावर त्याच्या बॅटऱ्या काही तास चालतात, त्या जुन्या असल्या तर फार थोडा वेळ. मग फोन चार्ज असूनही रेंज जाते. आज विद्यापीठाचं जवळजवळ सगळंच ऑनलाईन आहे: परीक्षेचा अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, प्रवेशाच्या फेऱ्या, पदवीचे श्रेयांक जमा होणारं क्रेडिटचं खातं, स्वयम्‌ या सरकारी पोर्टलवरचे अभ्यासक्रम. प्रत्येकाला शेवटची तारीख, प्रत्येकाला ओटीपी. ओटीपी काही मिनिटंच जिवंत असतो. शेवटच्या संध्याकाळी लाईन आणि तिच्यामागून रेंज गेली की अर्ज राहतो, आणि विलंब शुल्क भरावं लागतं किंवा संधीच जाते. शिष्यवृत्ती हुकली तर भूमिहीन घरातल्या मुलीचं शिक्षण थांबू शकतं. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीतली भामरागडसारखी गावं तर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता, वीज, रेंज या तिन्हींना एकदम मुकतात. २०२० च्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाईन झाल्या तेव्हा रेंजसाठी टेकडीवर, झाडाखाली, दुसऱ्या गावात जाऊन पेपर देणारी मुलं सगळ्या विदर्भानं पाहिली. ते दिवस गेले, पण ज्या गोष्टीमुळे ती वेळ आली ती तशीच आहे.

परीक्षा केंद्राबद्दल थोडक्यात. उन्हाळी परीक्षा आपल्याकडे ४४-४५ अंशांत होतात. पंखा बंद असलेल्या खोलीत तीन तास लिहिताना घामानं उत्तरपत्रिका ओली होते, शाई फुटते. आता पुष्कळदा प्रश्नपत्रिका पेपरच्या थोडं आधी ऑनलाईन येते आणि केंद्रावर प्रती काढाव्या लागतात. झेरॉक्स मशीनच्या आत कागद तापवणारा हीटर असतो, तो सुरू होताना जो जोराचा प्रवाह खेचतो तो घरगुती इन्व्हर्टरला पेलत नाही. म्हणून केंद्रावर जनित्र हवं, आणि ते आदल्या दिवशी डिझेल घालून प्रत्यक्ष मशीन जोडून चालवून पाहिलेलं हवं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. वीज नीट झाली की निकाल सुधारेल असं कोणी ग्रामसभेत सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. ज्या गावात वीज वाईट असते तिथं बस वाईट असते, शाळेत गणिताचा शिक्षक नसतो, घरात पैसा नसतो. यातलं कशानं किती अडलं ते वेगळं काढणं अवघड आहे. वीज आल्यावर टीव्ही आणि रील्सही येतात, तेही खरं. माझं म्हणणं मर्यादित आहे: ज्या मुलाला अभ्यास करायचाच आहे, त्याला भरवशाची वीज नसल्यानं जे गमवावं लागतं ते ना त्याच्या हातात आहे ना त्याच्या आईबापाच्या. म्हणून ते गावानं आणि कॉलेजनं उचलायचं.

आता पैशाचं. पहिली गोष्ट, जनित्र घेऊ नका. अभ्यासिकेला लागणारी वीज फार थोडी असते आणि डिझेलचा खर्च कोणी करणार नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी खातो, म्हणून हजारभर धरा. दहा एलईडी ट्युबा १८ वॉटच्या म्हणजे १८० वॉट, चार बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ३० वॉटचे म्हणजे १२०, राउटर १०. एकूण ३१० वॉट. एका बॅटरीवर तीन तास, म्हणजे सात ते दहा निघतात. दोन बॅटऱ्या घेतल्या तर मनाची काळजी जाते. पंखे बीएलडीसीच घ्या. साधा पंखा ७५ वॉट खातो, तेवढ्यात असे दोन फिरतात, आणि व्होल्टेज पडलं तरी त्यांचा वारा फारसा कमी होत नाही. राउटरला छोटा वेगळा बॅकअप मिळतो, तो घ्याच.

दुसरी गोष्ट सौर पॅनेलची, आणि इथं पुष्कळ संस्था फसतात. बिल कमी करण्यासाठी छतावर जी ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जोडलेली साधी यंत्रणा बसवतात, ती लाईन गेली की स्वतःही बंद होते. ते सुरक्षेसाठी आहे, नाहीतर बंद समजून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या तारेत छतावरची वीज उलटी जाईल. म्हणजे डोक्यावर ऊन आणि पॅनेल असूनही खोलीत अंधार. तुम्हाला बॅटरीसह हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) किंवा ऑफ-ग्रीड (लाईनशिवाय चालणारी) यंत्रणा हवी, आणि निविदेत तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. विक्रेता फक्त ‘सोलर’ म्हणाला तर सही करू नका.

तिसरी, बिनखर्चाची. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा मेनूमध्ये एक निवड असते. यूपीएस मोडमध्ये तो सुमारे १८० व्होल्टच्या खाली लाईन नाकारतो आणि बॅटरीवर जातो. साध्या मोडमध्ये सुमारे १०० व्होल्टपर्यंतही लाईन घेतो. कमी दाबाच्या गावात यूपीएस मोड लावून ठेवला की संध्याकाळभर लाईन असूनही बॅटरी रिकामी होत राहते आणि लाईन खरंच जाते तेव्हा काही उरत नाही. दिवे-पंख्यांसाठी साधा मोड लावा. पुष्कळ घरांत ‘आमची बॅटरी बाद झाली’ म्हणतात तिथं आधी हे बघा.

कॉलेजकडून तुम्ही मागू शकता त्या गोष्टी: इनक्युबेटर, फ्रीज आणि वर्णपटाच्या दिव्यांना वेगळी, बॅकअपची लाईन. प्रात्यक्षिकं शक्यतो सकाळी. ग्रंथालय संध्याकाळी उघडं, पण शेवटच्या एसटीची वेळ धरून. नोट्स आणि व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेण्याची सोय. अर्ज शेवटच्या आठवड्यापूर्वी कॉलेजातच बसवून भरून घेणं. यातल्या शेवटच्या गोष्टीला पैसा लागत नाही, आणि आमच्याकडे ती सुरू झाल्यापासून अर्ज राहण्याचं प्रमाण खूप घटलं.

गावाच्या पातळीवर एक काम शिक्षणासाठी म्हणून करा. एक वही ठेवा आणि लाईन गेल्या-आल्याची वेळ व शक्य असेल तेव्हा व्होल्टेज लिहा. दोन-तीन मुलंच हे करतील, त्यांना त्यातून नोंद घेण्याची सवयही लागेल. प्रत्येक वेळी १९१२ वर ग्राहक क्रमांक देऊन तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत घ्या. तोंडी बोंबेला उत्तर मिळत नाही, नोंदीला द्यावं लागतं. २००३ च्या वीज कायद्यात सेवेच्या मानकांची आणि ती मोडली तर भरपाईची तरतूद आहे, आणि ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच त्याच कायद्यानं झाले आहेत. मीटरवर मोबाईल क्रमांक जोडा म्हणजे नियोजित बंदचा एसएमएस येतो. तो एसएमएस ग्रामपंचायतीनं गावच्या ग्रुपवर टाकला तर मुलं त्या दिवसाचा अभ्यास आधी-नंतर करून घेतात. परीक्षेच्या दिवसांत देखभालीचं बंद संध्याकाळी घेऊ नये, असं पत्र वेळापत्रकाची प्रत जोडून उपकेंद्राच्या अभियंत्याला एप्रिलच्या आधी द्या. पावसाळ्यापूर्वी फीडरखालच्या फांद्या तोडायला गावानं चार माणसं दिली तर लाईनमनही गावाची आठवण ठेवतो. फक्त हे काम लाईनचं परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवण्याची लेखी परवानगी, घेऊन, त्याच्या देखरेखीखालीच करायचं. बंद आहे म्हणून तारेजवळ स्वतः कोयता घेऊन चढायचं नाही.

तर निधीचा क्रम मी असा लावेन. आधी शाळेची किंवा पंचायतीची एक खोली, गावाच्या मध्यात, रस्त्यावर दिवा असलेली, जिथं मुलींना यायला घरचे नाही म्हणणार नाहीत. तिथं बॅटरी, बीएलडीसी पंखे, राउटर. पैसे उरले तर हायब्रिड सौर. संगणक सगळ्यांत शेवटी. मुलींसाठी वेळ ठरवताना त्यांच्या आयांना बोलावून ठरवा. आणि ठरावातच दोन नावं लिहा: खोलीची किल्ली कोणाकडे राहील आणि दर दोन महिन्यांनी बॅटरीत डिस्टिल्ड पाणी कोण घालेल. आसपासच्या गावांत अशा खोल्या बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यातल्या बहुतेक या दोन नावांअभावी.